रॉबिन विल्यम्स गेला तेव्हा आपण काय लिहिलं

सुरू करण्याआधी एक सूचना. या भागात आत्महत्येचा आणि मेंदूच्या आजाराचा विषय आहे. आज असं काही ऐकायची मनःस्थिती नसेल तर खुशाल दुसरा एखादा भाग लावा, मी अजिबात रागावणार नाही. आणि तुम्हालाच त्रास होत असेल, तर १४४१६ हा 'टेली मानस'चा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

तर, १२ ऑगस्ट २०१४ ची सकाळ. मी तेव्हा पुण्यात होस्टेलवर राहत होतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मेसच्या रांगेत पोह्यांसाठी उभा असताना फोन उघडला, तर सगळी टाइमलाइन एकाच चेहऱ्याने भरलेली. रॉबिन विल्यम्स गेला होता. अमेरिकेत अजून ११ तारीख होती. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आपल्या घरी त्याने आत्महत्या केली होती. वय ६३. त्याच्या प्रसिद्धी सांभाळणाऱ्या बाईंच्या निवेदनात होतं की अलीकडे तो तीव्र नैराश्याशी झुंजत होता.

मी रांगेतच फेसबुकवर लिहिलं, 'जगाला हसवणारे आतून रडत असतात. अलविदा, जिनी.' खाली निळ्या जिनीचा फोटो. माझ्या आयुष्यात सगळ्यात जास्त लाइक मिळालेल्या पोस्टपैकी ती एक आहे. त्या दिवशी जगभर लाखो लोकांनी हेच वाक्य आपापल्या भाषेत लिहिलं असणार. आजचा भाग त्या वाक्याबद्दल आहे. ते कुठून आलं, आणि त्याने काय झाकलं.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात, कारण तुमच्यातल्या कित्येकांना तो फक्त 'जुमांजी'मधला दाढीवाला म्हणून माहीत असेल. रॉबिनचा जन्म १९५१ चा, शिकागोचा. वडील फोर्ड मोटर कंपनीत मोठ्या पदावर. घर प्रचंड, आणि त्या घरात हा बहुतेक वेळ एकटा. खेळण्यातल्या सैनिकांशी वेगवेगळ्या आवाजात बोलत बसायचा. आईला हसवण्यासाठी नकला करायला लागला, असं तो पुढे स्वतः सांगायचा. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या नामांकित संस्थेत त्याला नाटक शिकायला प्रवेश मिळाला. तिथे त्याचा जवळचा मित्र कोण, तर क्रिस्टोफर रीव्ह, म्हणजे पुढचा सुपरमॅन.

१९७८ मध्ये 'मॉर्क अँड मिंडी' ही मालिका आली. परग्रहावरून आलेला मॉर्क, इंद्रधनुषी रंगांचे गॅलिस लावलेला. रॉबिन सेटवर इतकं आयत्या वेळचं बोलायचा की लिहिलेली संहिता आणि पडद्यावर दिसणारा भाग यांचा मेळ बसायचा नाही. पुढे 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम', 'डेड पोएट्स सोसायटी', १९९२ चा 'अलादीन', १९९३ चा 'मिसेस डाउटफायर', आणि १९९७ च्या 'गुड विल हंटिंग'साठी सहाय्यक अभिनेत्याचं ऑस्कर.

'मिसेस डाउटफायर'शी आपलं एक गमतीशीर नातं आहे, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घटस्फोट झालेला बाप मुलांजवळ राहायला मिळावं म्हणून म्हातारी आया बनून स्वतःच्याच घरात कामाला लागतो, ही त्याची गोष्ट. त्यावरून कमल हासनने आधी तमिळमध्ये 'अव्वै षण्मुगी' केला आणि १९९७ मध्ये हिंदीत 'चाची ४२०'. हिंदीत त्या बाईचं नाव काय ठेवलं? लक्ष्मी गोडबोले! म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची मिसेस डाउटफायर आपल्याकडे येईपर्यंत चक्क मराठी गोडबोले बाई झाली होती. आमच्या घरी सुट्टीत हा सिनेमा टीव्हीवर लागला की जेवणं लांबायची. त्यामागचा मूळ माणूस कोण, हे मला कितीतरी उशिरा कळलं.

आता त्याच्या आयुष्याची दुसरी बाजू. ती लपलेली नव्हती, हे आधी लक्षात घ्या. सत्तरच्या दशकाच्या शेवटी यश आलं आणि त्याबरोबर कोकेन आणि दारू. मार्च १९८२ मध्ये त्याचा मित्र, विनोदी नट जॉन बेलुशी, ड्रग्जच्या अतिसेवनाने गेला. आदल्याच रात्री रॉबिन त्याला भेटून आला होता. पुढच्या वर्षी रॉबिनला मुलगा झाला. त्याने कोकेन आणि दारू दोन्ही सोडलं. जवळजवळ वीस वर्षं तो कोरडा राहिला. २००३ च्या सुमारास अलास्कात शूटिंग चालू असताना पुन्हा दारू सुरू झाली आणि २००६ मध्ये तो व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. २००९ मध्ये हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली, झडप बदलावी लागली. हे सगळं तो स्टेजवर सांगायचा. स्वतःच्या दारूवर त्याने जेवढे विनोद केले तेवढे दुसऱ्या कुणी केले नसतील.

आणि नैराश्य? २००६ मध्ये एका रेडिओ मुलाखतीत त्याला याबद्दल विचारलं गेलं. आपल्याला डॉक्टरी अर्थाने डिप्रेशन नाही, असं त्याने सांगितलं. अधूनमधून सगळ्यांचं होतं तसं मन खट्टू होतं, एवढंच. आता माणूस मुलाखतीत सगळं खरं सांगतोच असं नाही, मान्य. पण ऑगस्ट २०१४ मध्ये आपल्यातल्या फारशा कुणाला ती मुलाखत आठवली नाही. आपल्याला आठवली ती एक वेगळीच गोष्ट.

ती गोष्ट तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल. एक माणूस डॉक्टरकडे जातो. म्हणतो, डॉक्टरसाहेब, कशातच मन लागत नाही, जगावंसं वाटत नाही. डॉक्टर तपासतात आणि म्हणतात, तुम्हाला औषधाची गरज नाही. गावात सर्कस आलीय, तिथला जोकर बघा, पोट धरून हसाल. माणूस रडायला लागतो. म्हणतो, डॉक्टर, तो जोकर मीच आहे.

२०१४ मध्ये ही गोष्ट रॉबिनच्या फोटोबरोबर फिरत होती. 'वॉचमेन' या ऐंशीच्या दशकातल्या कॉमिकमध्ये ती आहे, तिथे जोकरचं नाव पालियाची. पण तिचं वय त्याहून खूप जास्त आहे. एकोणिसाव्या शतकात ती इटालियन विदूषक कार्लिनीच्या नावावर सांगितली जायची आणि इंग्लंडमध्ये जोसेफ ग्रिमाल्डीच्या. नाव बदलतं, डॉक्टर तोच, रडणं तेच.

या ग्रिमाल्डीपाशी जरा थांबू या, कारण हा साचा घट्ट कसा झाला ते त्याच्याकडे बघून कळतं.

जोसेफ ग्रिमाल्डी, जन्म १७७८, लंडन. पांढरा रंगवलेला चेहरा आणि गालांवर लाल ठिपके, ही जी विदूषकाची रंगभूषा आपण लहानपणापासून बघतो, तिचा मोठा वाटा त्याच्याकडे जातो. इंग्रजीत सर्कशीतल्या विदूषकाला आजही 'जोई' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून. १८०६ च्या डिसेंबरमध्ये कॉव्हेंट गार्डन थिएटरात 'मदर गूज'चा खेळ लागला आणि लंडन त्याच्यासाठी वेडं झालं. त्याचं स्वतःचं आयुष्य मात्र खडतर. १८०० मध्ये पहिली बायको बाळंतपणात गेली. रोजच्या उड्या, आपटणं, पडणं, त्यात सांधे निकामी झाले. १८२३ मध्ये, पंचेचाळिशीतच, त्याला काम सोडावं लागलं. निरोपाच्या खेळाला उभं राहता येईना म्हणून त्याने खुर्चीत बसून काम केलं. मुलगाही विदूषकच होता. तो दारूत बुडाला आणि १८३२ मध्ये तिशीतच गेला. १८३७ मध्ये ग्रिमाल्डी गेला.

त्याने आठवणी लिहून ठेवल्या होत्या. त्या एका प्रकाशकाकडे आल्या आणि त्याने त्या नीट करायला एका पंचविशीतल्या तरुण लेखकाकडे दिल्या. त्या तरुणाचं नाव चार्ल्स डिकन्स. १८३८ मध्ये पुस्तक आलं. याच डिकन्सने त्याआधी 'पिकविक पेपर्स'मध्ये दारू पिऊन खंगून मरणाऱ्या विदूषकाचं एक प्रकरण लिहिलं होतं. रंगवलेला चेहरा आणि त्यामागचा मरणारा माणूस, हे चित्र वाचकांना इतकं आवडलं की ते कायमचं बसलं. हसू जेवढं मोठं, तेवढं आतलं दुःख मोठं. जणू काही हिशोबच आहे.

आपल्याकडेही हा साचा चांगला रुजला. १९७० चा 'मेरा नाम जोकर' आठवा. सर्कशीतला राजू आणि खेळ बघायला आलेली त्याची आई. आई जाते, आणि जोकर रिंगणात परत जातो. 'शो मस्ट गो ऑन' हे वाक्य गॅदरिंगच्या स्टेजमागे आपण सगळ्यांनी कधी ना कधी फेकलेलं असतं.

माझा आक्षेप असा नाही की विनोदी माणसांना दुःख नसतं. त्यांना असतं, तसं कंडक्टरला असतं, बँकेतल्या कॅशिअरलाही असतं. आक्षेप असा आहे की ही गोष्ट इतकी तयार असते की आपण खरं कारण विचारायचं थांबतो. ग्रिमाल्डीच्या दुःखाला नावं होती. बाळंतपणातला मृत्यू, झिजलेले सांधे, व्यसनी मुलगा. पण गोष्टीत उरतो तो फक्त रडका विदूषक.

रॉबिनच्या बाबतीतही आपण हेच केलं. २०१६ मध्ये त्याच्या बायकोने, सुझनने, 'न्यूरॉलॉजी' या डॉक्टरांच्या मासिकात एक लेख लिहिला, मेंदूच्या डॉक्टरांना उद्देशून. त्या शेवटच्या वर्षात काय काय झालं ते तिने त्यात क्रमाने सांगितलं. मी तो वाचला तेव्हा मला माझी पोस्ट आठवली आणि अक्षरशः लाज वाटली.

ऑक्टोबर २०१३. त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास रॉबिनचं पोट बिघडायला लागलं. मग बद्धकोष्ठता, लघवीला त्रास, छातीत जळजळ, झोप न लागणं, वास न येणं. डाव्या हाताला बारीक कंप. यातलं एकेक लक्षण धरलं तर काय आहे? पन्नाशी-साठीतल्या कुठल्याही काकांच्या तक्रारी. पण या सगळ्यांबरोबर भीती आणि काळजी वाढत चालली. इतकी, की ओळखीचा रॉबिन वाटेनासा झाला.

एप्रिल २०१४ मध्ये तो कॅनडातल्या व्हँकूव्हरला 'नाइट अ‍ॅट द म्युझियम'च्या तिसऱ्या भागाचं काम करत होता. तिथे त्याला पॅनिक अटॅक आला. आणि संवाद लक्षात राहीनात. एकेक वाक्य राहीना. हा तोच माणूस, ज्याने तीनच वर्षांपूर्वी ब्रॉडवेवर राजीव जोसेफ या लेखकाच्या 'बेंगाल टायगर अ‍ॅट द बगदाद झू' या नाटकात वाघाचं काम केलं होतं. शेकडो वाक्यं, महिनोन्‌महिने प्रयोग, आणि चूक नाही. ज्याचं सगळं आयुष्य डोक्यातून झरझर येणाऱ्या शब्दांवर उभं होतं, त्याला आपलं डोकं हातातून सुटतंय हे समजत होतं. मेंदू एकदा बंद करून पुन्हा चालू करता आला तर बरं, असं तो सुझनला म्हणायचा. आपण फोन हँग झाल्यावर करतो ना, तसं.

तपासण्या झाल्या. स्कॅन झाले. बहुतेक सगळं ठीक आलं. २८ मे २०१४ ला डॉक्टरांनी निदान सांगितलं, पार्किन्सन्स. त्या वेळी रॉबिनने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले. मला अल्झायमर आहे का? डिमेन्शिया आहे का? स्किझोफ्रेनिया आहे का? तिन्हींना उत्तर मिळालं, नाही. त्यानंतर जेमतेम अडीच महिने.

मृत्यूनंतर तीन महिन्यांनी शवविच्छेदनाचा पूर्ण अहवाल आला. त्याच्या मेंदूत सगळीकडे 'ल्यूई बॉडी' पसरलेल्या होत्या. लेखात सुझनने डॉक्टरांच्या हवाल्याने म्हटलंय की त्याच्याइतक्या पसरलेल्या केसेस त्यांनी क्वचितच पाहिल्या होत्या.

ल्यूई बॉडी म्हणजे मेंदूच्या पेशींमध्ये साठणाऱ्या प्रथिनाच्या गाठी. पार्किन्सन्समध्येही त्या असतात, पण त्या मेंदूच्या वरच्या भागांत पसरल्या की स्मृती, झोप, लक्ष, भीती, दिसणं, सगळंच विस्कटतं. कधी माणूस एकदम स्वच्छ बोलतो, तासाभराने हरवतो. म्हणूनच तो फार काळ पकडला जात नाही. रॉबिनच्या वेळी तर मेंदू प्रत्यक्ष तपासल्याशिवाय खात्रीने सांगणं जवळपास अशक्यच होतं.

नावाचीही एक गोष्ट आहे. फ्रिट्झ हाइनरिश ल्यूई हा बर्लिनचा ज्यू डॉक्टर. म्युनिकला अल्झायमरच्या प्रयोगशाळेत काम करताना, १९१२ मध्ये, त्याने पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत या गाठी पाहून नोंदवल्या. त्याचं नाव त्यांना दुसऱ्याच एका संशोधकाने १९१९ मध्ये दिलं. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ल्यूईला जर्मनी सोडावी लागली. तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला, नावाचं स्पेलिंगही बदललं. १९५० मध्ये वारला. या गाठींमुळे डिमेन्शिया होतो ही गोष्ट नीट मांडली गेली ती आणखी पंचवीसेक वर्षांनी, जपानच्या केंजी कोसाका या डॉक्टरांच्या कामातून.

आता इथे मला माझ्या आजोबांबद्दल बोलायचंय. आण्णा. कराडला असायचे. शेवटची दोन वर्षं त्यांचा हात थरथरायचा, आणि त्यांना माळ्यावर लहान मुलं दिसायची. तीन-चार पोरं, शांत बसलेली. आण्णा घाबरत नसत. फक्त सांगत, 'ती बघ, परत आली.' घरात सगळे म्हणाले, म्हातारचळ. मी तेव्हा अकरावीत. आम्हा भावंडांत मी नकला चांगल्या करायचो, आणि 'माळ्यावरची पोरं' हा माझा हिट आयटम होता. लग्नाकार्यात फर्माईश व्हायची. एकदा आण्णांच्या समोर केला. तेही हसले.

त्यांना ल्यूई बॉडीचाच आजार होता असं मी म्हणत नाही. कुणी तपासलंच नाही, आता कळायला मार्गही नाही. पण सुझनचा लेख वाचल्यानंतर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की स्पष्ट दिसणारी माणसं, लहान मुलं, प्राणी हे भास हे त्याचं अगदी ओळखीचं लक्षण आहे. आणि भास होतात म्हणून दिली जाणारी काही औषधं या रुग्णांना उलटी पडतात, हेही. तुमच्या घरी कुणा आजी-आजोबांना कंप आणि भास दोन्ही असतील तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. एक हाडांच्या डॉक्टरला आणि एक देवऋषाला, असं करू नका. मी गुगल-डॉक्टर नाही, पण एवढं सांगू शकतो.

त्या संध्याकाळी आजीला फोन केला. विचारलं, आण्णा त्या पोरांबद्दल अजून काही बोलायचे का? ती म्हणाली, रात्री मला उठवून सांगायचे, थंडी आहे, त्यांना गोधडी टाक. मी विचारलं, मग तू काय करायचीस? म्हणाली, टाकायची. झोप लागायची मग त्यांना.

असो. रॉबिनकडे परत येऊ.

सुझनने २०१५ मध्ये मुलाखतीत सांगितलं की नैराश्य हे त्याच्या पन्नासेक लक्षणांपैकी एक होतं, आणि त्यातलं छोटं. हे बाहेर आल्यावर इंटरनेटवर एक नवीन सूर लागला, 'बघा, त्याला डिप्रेशन नव्हतंच, मेंदूचा आजार होता.' मला हा सूरही खटकतो. त्यात असं गृहीत धरलंय की डिप्रेशन म्हणजे डाग, आणि ल्यूई बॉडीने तो धुतला गेला. डिप्रेशन हाही आजारच आहे. पार्किन्सन्सच्या कितीतरी रुग्णांना ते होतं, आणि नुसतं डिप्रेशन असलेल्या माणसाचं दुखणंही तितकंच खरं असतं. हे कळायला कुणाच्या मेंदूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची गरज नसावी.

आता शोकाबद्दल. रॉबिन गेल्यावर लोकांनी फुलं कुठे कुठे वाहिली बघा. हॉलिवूडच्या फुटपाथवरचा त्याच्या नावाचा तारा. कोलोराडोतल्या बोल्डर गावातलं 'मॉर्क अँड मिंडी'मधलं घर. सॅन फ्रान्सिस्कोतलं 'मिसेस डाउटफायर'चं घर. बॉस्टनच्या बागेतला 'गुड विल हंटिंग'मधला बाक, त्याच्याभोवती लोकांनी खडूने संवाद लिहिले. ब्रॉडवेच्या थिएटरांचे दिवे मंद केले गेले. रॉबिन पक्का गेमर होता, मुलीचं नाव त्याने 'लेजंड ऑफ झेल्डा' या गेमवरून झेल्डा ठेवलं. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्यांनी मागणी केली आणि कंपनीने गेममध्ये दिव्यातून बाहेर येणारं एक पात्र त्याच्या आठवणीत टाकलं. गोल्डन गेट पुलाच्या उत्तरेला एक बोगदा आहे, त्याच्या कमानीवर आधीपासूनच इंद्रधनुष्य रंगवलेलं होतं. त्याला पुढे रॉबिनचं नाव दिलं. मॉर्कच्या गॅलिसचे रंग! हे सगळं मला मनापासून आवडतं.

पण त्याच दिवशी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने जिनी आणि अलादीनच्या मिठीचं चित्र टाकून, जिनी, आता तू मुक्त झालास, अशा अर्थाचं ट्वीट केलं. ते लाखो लोकांनी शेअर केलं. माझी पोस्ट त्याचीच मराठी कॉपी. आत्महत्या रोखण्याचं काम करणारे तज्ज्ञ तेव्हाच म्हणाले, असं करू नका. मृत्यू म्हणजे सुटका, असं चित्र जो माणूस आज रात्री कडेवर उभा आहे त्याला वेगळंच दिसतं.

मला तेव्हा हे अतिच वाटलं असतं. पण २०१८ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात एक अभ्यास आला. ऑगस्ट ते डिसेंबर २०१४ या पाच महिन्यांत अमेरिकेत जेवढ्या आत्महत्या होतील असा आधीच्या वर्षांवरून अंदाज होता, त्यापेक्षा १,८४१ जास्त झाल्या. म्हणजे जवळजवळ १० टक्के. वाढ सगळ्यात ठळक दिसली ती पुरुषांत आणि तीस ते चव्वेचाळीस वयोगटातल्या लोकांत. संशोधकांनी हे एका ट्वीटवर ढकललेलं नाही, आणि मीही ढकलत नाही. टीव्हीवर आणि वेबसाइटवर मृत्यूचा बारीकसारीक तपशील दिवसेंदिवस चघळला गेला, तोही त्याच काळातला. पण अशा बातम्या लिहिताना काय पाळावं याचे नियम तेव्हा अस्तित्वात होते, आणि ते धाब्यावर बसवले गेले.

उलटंही होऊ शकतं बरं का. १९९४ मध्ये 'निर्वाणा' बँडचा कर्ट कोबेन गेला तेव्हा सिएटल शहरात सगळ्यांना भीती होती की आता पोरं त्याच्या मागे जाणार. तिथे माध्यमं आणि मदत करणाऱ्या संस्था यांनी जरा भान ठेवलं, हेल्पलाइनचे नंबर सतत दिले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की शहरात आत्महत्या वाढल्या नाहीत, वाढले ते हेल्पलाइनला येणारे फोन.

आणि या सगळ्या शोकात त्याच्या घरच्यांचं काय? झेल्डा तेव्हा पंचवीस वर्षांची. वडील जाऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर लोकांनी तिला घाणेरडी खोटी चित्रं पाठवली. तिने ट्विटर सोडलं, काही दिवसांनी परत आली. गेल्या काही वर्षांत तिला नवीन त्रास आहे. एआयने बनवलेले तिच्या वडिलांचे व्हिडिओ लोक तिलाच पाठवतात, 'बघ, बाबा परत आले' म्हणून. तिने जाहीरपणे सांगितलंय, कृपा करून पाठवू नका. रॉबिनला बहुधा अशा कशाची शंका आली असावी. स्वतःचं नाव, चेहरा, सही यांचा वापर मृत्यूनंतर २५ वर्षं कुणी जाहिरातीत वगैरे करू नये, अशी कायदेशीर तरतूद त्याने करून ठेवली होती. म्हणजे ११ ऑगस्ट २०३९ पर्यंत.

या भागाची तयारी करताना मी ती जुनी पोस्ट शोधून काढली. खाली मेसमधल्या मित्रांच्या कमेंट, रडक्या इमोजी, एकाने 'सो ट्रू भावा' लिहिलेलं. त्यातल्या एका कमेंटकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नव्हतं. आमच्याच मजल्यावरचा, कायम जोक मारणारा एक मुलगा. त्याने लिहिलं होतं, 'खरंय, सुटला बिचारा.' मी त्याला अंगठा देऊन पुढे गेलो होतो. त्या वर्षीच तो कॉलेज सोडून गावी गेला. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

परवा त्याचा नंबर मिळवला. दोनदा फोन केला, उचलला नाही. मग रात्री त्याचाच आला. तासभर बोललो. काय बोललो ते त्याचं आहे, इथे सांगत नाही. बरा आहे, मुलगी आहे दोन वर्षांची. म्हणाला, तू अजून ते माळ्यावरच्या पोरांचं करतोस का?

पोस्ट मी काढून टाकली. पुन्हा सांगतो, टेली मानस, १४४१६. भेटू पुढच्या भागात.